डाय-सबच्या फोटोवर पुन्हा पुन्हा येणारे ठिपके: हेड बदलण्याआधी ठिपक्याचा रंग बघा

माझा स्टुडिओ जेजुरीत, गडाच्या पायथ्याशी. लग्न झालं की जोडपं खंडोबाच्या दर्शनाला येतं, नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो, वर भंडारा उधळला जातो आणि खाली उतरेपर्यंत दोघंही पिवळीधमक झालेली असतात. तशीच ती माझ्या दुकानात येतात. फोटो लगेच हवा असतो, कारण बाहेर गाडी उभी असते आणि सगळ्यांना घरी पोचून जागरण-गोंधळाची तयारी करायची असते. याच गर्दीसाठी मी इंकजेट सोडून डाय-सब (डाय-सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं रिबनवरचा रंग कागदात मुरवणारं) मशीन घेतलं. मिनिटाच्या आत ४×६ इंची फोटो हातात येतो, तोही कोरडा, आणि हळदीचं बोट लागलं तरी पुसून साफ होतो. या कामाला याच्याइतकं चांगलं दुसरं मशीन नाही असं माझं आजही मत आहे.

पण एका गोष्टीनं मला बरेच महिने छळलं. फोटोवर पांढरे ठिपके. टाचणीच्या डोक्याएवढे, कधी त्याहून लहान, आणि नेमके गालावर, कपाळावर, आभाळात, म्हणजे जिथे लपायला जागा नाही तिथे. मशीन साफ केलं की दोन दिवस बरं, रविवार आला की पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणाला हेड गेलं, म्हणजे मशीनचा तापून छापणारा भाग. मशीनच्या निम्म्या किमतीच्या आसपास खर्च करून हेड बदललं. पुढच्या रविवारी ठिपके परत हजर.

हेड चांगलंच होतं. मला ठिपका वाचता येत नव्हता, एवढंच. ते वाचणं मी कसं शिकलो ते इथे सविस्तर लिहितोय. तुमच्याकडे भंडारा नसेल. पिठाची गिरणी शेजारी असेल, रस्त्याचं काम चालू असेल, नाहीतर मंगल कार्यालयात अक्षता आणि धूप असेल. वाचायची पद्धत तीच.

मशीनच्या आत काय होतं

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून आधी हे. बाजारात ‘सब्लिमेशन’ म्हटलं की लोकांना कप आणि टी-शर्टची छपाई आठवते. ते काम वेगळं. तिथे इंकजेटमध्ये खास शाई भरून कागदावर उलटं चित्र छापतात आणि हीट प्रेसखाली ते कापडावर उतरवतात. फोटोच्या डाय-सबमध्ये ओली शाई कुठेच नसते. एक पातळ रिबन असते, जेमतेम ५ मायक्रॉन जाडीची. तिच्यावर फोटोच्या मापाचे पट्टे ओळीनं येतात: पिवळा, मजेंटा (गडद गुलाबी), सायन (आकाशी निळा) आणि शेवटी रंग नसलेला ओव्हरकोट, म्हणजे वरून चढणारा संरक्षक थर. एका फोटोसाठी कागद हेडखालून चार वेळा जातो, दर वेळी वर वेगळा पट्टा.

हेडवर तापणाऱ्या बारीक बिंदूंची एक सरळ ओळ असते, इंचाला ३००, म्हणजेच ३०० डीपीआय. सहा इंच रुंदीच्या मशीनमध्ये असे अठराशेच्या वर बिंदू भरतात. बिंदू जितका तापेल तितका रंग रिबनवरून सुटतो आणि कागदावरच्या थरात मुरतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, म्हणून ३०० डीपीआय असूनही भिंगाखाली इंकजेटसारखे थेंब दिसत नाहीत, सलग रंग दिसतो. गालावरची सावली इतकी मऊ येते ती यामुळेच.

पण रंग मुरायचा तर रिबन आणि कागद एकमेकांना अगदी घट्ट चिकटलेले हवेत. मध्ये धुळीचा एक कण आला की त्या जागी रिबन तंबूसारखी उचलली जाते. कण डोळ्याला दिसतही नाही, पण तंबूचा घेर त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्या सगळ्या घेरात रंग उतरत नाही. म्हणून ठिपका एवढा मोठा आणि त्यात शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. मी कित्येक दिवस ‘एवढा मोठा कण मशीनमध्ये आहे तरी कुठे’ म्हणून शोधत होतो. एवढा मोठा कण नव्हताच.

आणखी एक, खिशाला लागणारी गोष्ट. पट्टा एकदा वापरला की संपला. फोटोत रंग कमी असो की जास्त, चारही पट्टे आणि एक कागद गेलाच. खराब निघालेल्या प्रत्येक फोटोला चांगल्या फोटोइतकाच खर्च येतो.

करड्या रंगाचा कागद

ठिपक्यांचा तपास गिऱ्हाइकाच्या फोटोवर करू नका. शालूच्या जरीत, माणसांच्या गर्दीत निम्मे ठिपके दिसतच नाहीत. १८०० × १२०० पिक्सेलची एक फाइल बनवा आणि ती पूर्ण एकाच करड्या रंगानं भरा. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे १२८. रंगसुधारणा, ऑटो ब्राइटनेस, सगळं बंद ठेवून ती छापा. पांढऱ्या कागदावर काहीच दिसणार नाही आणि काळ्यात बारीक दोष बुडतात. मधला करडा सगळं उघडं करतो. असे लागोपाठ तीन कागद काढा. मशीनमधून बाहेर येताना कागदाची जी कड पुढे होती तिच्यावर पेननं बाण करा, मागे तारीख आणि वेळ लिहा. हा बाण विसरू नका, पुढे सगळं त्याच्यावर आहे.

पैसे वाया जातात असं वाटेल. मला तीन कागदांनी जे कळलं ते आठ महिन्यांत कळलं नव्हतं.

आता कागद उन्हात नाहीतर चांगल्या दिव्याखाली धरा आणि भिंग घेऊन एकेका ठिपक्याचा रंग बघा. ‘पांढरा ठिपका’ म्हणून आपण सोडून देतो तो बऱ्याचदा पांढरा नसतो.

ठिपका निळसर असेल तर तिथे पिवळा उतरलेला नाही. मजेंटा आणि सायन उतरले, दोघं मिळून निळा झाला. ठिपका हिरवट असेल तर मजेंटा राहिला. लालसर असेल तर सायन राहिला. खराखुरा पांढरा असेल तर तिन्ही वेळा तिथे अडथळा होता, म्हणजे कण कागदालाच चिकटून बसला होता आणि हेडखालून प्रत्येक फेरीत त्याच्याबरोबर गेला. आणि रंग पूर्ण आहे पण बोट फिरवल्यावर खडा लागतो, किंवा तिरक्या उजेडात तेवढी जागा निस्तेज दिसते, तर कण शेवटी, ओव्हरकोटच्या वेळी आला.

यावरून कण कुठून येतो ते कळतं. पिवळा ही पहिली फेरी. कागदाच्या रोलवर आधीपासून पडलेली धूळ एक तर चिकटून राहते आणि पांढरा ठिपका देते, नाहीतर पहिल्याच फेरीत रिबन तिला उचलून घेऊन जाते आणि निळसर ठिपका उरतो. म्हणून पांढरे आणि निळसर ठिपके जास्त असतील तर संशय कागदावर: रोल कुठे ठेवला, कुठे उघडला, कोणी लावला. हिरवट, लालसर, निळसर अशी सरमिसळ असेल तर धूळ रिबनवर बसतेय, नाहीतर मशीनच्या आतल्या हवेत फिरतेय.

माझ्या कागदांवर सरमिसळ होती. हिरवट तर खूपच. कागद निर्दोष, हेड निर्दोष, हवा दोषी.

खात्री करायची असेल तर वापरलेली रिबन उलगडून पांढऱ्या कागदावर पसरा. प्रत्येक पट्ट्यावर त्या फोटोची उलटी छाया राहिलेली असते. जिथे रंग सुटला ती जागा फिकी, जिथे सुटला नाही ती गडद. करड्या कागदाचा पट्टा सगळीकडे सारखा फिकट हवा. हिरवट ठिपक्याची कडेपासूनची जागा फूटपट्टीनं मोजा आणि मजेंटाच्या पट्ट्यावर तेवढ्याच अंतरावर बघा. तिथे गडद टिकली सापडली की शंका उरत नाही: रंग रिबनवरच राहिला, हेडनं तापवलं होतं, मध्ये काहीतरी आलं होतं.

नोटा तपासायचा टॉर्च

धूळ आहे हे ठरलं, पण कुठली? दुकानात नोटा तपासायला ठेवलेला जांभळा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च इथे कामाला आला. हळदीतलं कर्क्युमिन त्या उजेडात हिरवट पिवळं चमकतं, अल्कोहोलमध्ये विरघळलं की फारच ठळक. मशीन बंद करून, प्लग काढून, गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलावलेला स्वॅब रोलरवरून फिरवला, दुकानातले दिवे घालवले आणि स्वॅब टॉर्चखाली धरला. लख्ख चमकला. मशीनच्या पंख्याच्या जाळीवरून फिरवलेला तर आणखी.

पांढरा कागद आणि काही पांढरी कापडंही या उजेडात निळी दिसतात, त्यानं फसू नका. हळदीची चमक पिवळट हिरवी असते. टॉर्च डोळ्यांवर मारू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका.

हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. मी सुरुवातीला ओल्या फडक्यानं रोलर पुसायचो तेव्हा ती जायची नाही, पसरायची. शिवाय डाय-सब मशीनच्या आत पाणी नेणंच चूक आहे.

धूळ आत जात होती ती कशी

मशीन काउंटरच्या खालच्या कप्प्यात होतं, गुडघ्याच्या उंचीवर, दरवाजाकडे तोंड करून. गिऱ्हाईक आलं की कपडे झटकतं, फेटा काढतं, लहान पोरं उड्या मारतात. खाली पडलेला भंडारा पायांनी पुन्हा वर उठतो आणि नेमका गुडघ्याच्या उंचीला तरंगत राहतो. हेड गार ठेवायला मशीनचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. रविवारी दिवसभर तो हीच हवा ओढत होता. त्यात वर सीलिंग फॅन.

दुसरं कारण मला जास्त लागलं, कारण ते मी काळजीपोटी करत होतो. रोज रात्री मी मशीन उघडून ब्लोअर मारायचो. कॅमेऱ्याच्या लेन्सला जो मारतो तोच मोठा ब्लोअर. त्यानं आतली धूळ बाहेर जात नाही, कोपऱ्यातली उठून रिबनवर बसते. वर दुकानातली भंडाऱ्याची हवा मीच आत भरत होतो. आणि पुसायला घेत होतो जुना सुती बनियन. त्याचे तंतू हेडला लागून राहायचे. म्हणजे साफ केल्यावर दोन दिवस बरं वाटायचं ते सफाईमुळे नव्हे. सोमवार-मंगळवारी गर्दी कमी असायची, म्हणून.

आता मशीन आतल्या खोलीत आहे, छातीच्या उंचीच्या फळीवर, दार लावलेलं. त्या खोलीत सीलिंग फॅन चालू करत नाही. फरशी झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. केरसुणी म्हणजे धूळ उडवायचं साधन. रोल आणि रिबन बदलताना साबणानं हात धुवून, कोरडे करून, वेगळा धुतलेला शर्ट घालतो. तो शर्ट खोलीतच खुंटीला असतो. रोलच्या तोंडाला बोटं लागतात तेवढा भाग मशीन सुरुवातीला एक-दोन कोरे कागद बाहेर टाकून काढून टाकतं. ते वाचवायच्या नादात मधलेच कागद ओढू नका. रात्री मशीन गार झालं की सुती नव्हे, रेनकोटसारख्या कापडाची खोळ घालतो.

पंख्याच्या जाळीवर घरीच स्पंज लावू नका. मला तो मोह झाला होता. हवा कमी झाली की हेड तापतं, मशीन मध्येच थांबायला लागतं आणि रिबनला सुरकुत्या पडतात.

कटरखालचा डबाही बघा. रोलमधून फोटो कापताना जी बारीक कतरण पडते तिची भुकटी होते. तो डबा मशीनजवळ उलटा करायचा नाही, बाहेर नेऊन रिकामा करायचा.

वायरिंगमध्ये अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. रिबन उलगडताना घर्षणानं स्थिर वीज तयार होते आणि ती धूळ ओढते. हिवाळ्यात, हवा कोरडी असताना, हा त्रास वाढतो. चंपाषष्ठी आणि लग्नसराई दोन्ही त्याच दिवसांत येतात, म्हणून मला आधी वाटायचं की हा सगळा दोष फक्त गर्दीचाच.

साफ कसं करायचं

वीज बंद, प्लग बाहेर. रिबन आणि कागद काढून स्वच्छ पिशवीत ठेवा. हेड गार होऊ द्या, निदान अर्धा तास. हातातली अंगठी काढा. हेडवरचा काचेसारखा लेप एका ओरखड्यानं जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर हेडवर राहतो. तंतू न सुटणारा स्वॅब नाहीतर लेन्सचं नवं मायक्रोफायबर ओलं करा, ठिबकेल इतकं नाही, आणि बिंदूंच्या ओळीवरून एकाच दिशेनं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलक्या हातानं न्या. मागे-पुढे घासू नका. दर फेरीला नवी बाजू. मग रबरी रोलर हातानं थोडा थोडा फिरवत पूर्ण पुसा. दहा मिनिटं उघडं न ठेवता, झाकण नुसतं टेकवून वाळू द्या.

हे मी आता रोज करत नाही. रोल बदलताना एकदा, बस. रोज उघडणं म्हणजे रोज धुळीला दार.

ठिपका नसून रेघ असेल तर

इथे तो बाण कामाला येतो. रेघ बाणाच्या दिशेनं, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असेल तर कारण एका जागी थांबलेलं आहे आणि कागद त्याच्याखालून सरकतोय. म्हणजे हेड. पण हेडवर घाण आणि हेडचा बिंदू मेलेला यात फरक आहे. घाणीची रेघ थोडी जाड, कडा धूसर, काही ठिकाणी फिकट. मेलेल्या बिंदूची रेघ केसासारखी. ३०० डीपीआयला एक बिंदू म्हणजे ०.०८ मिलिमीटरच्या आसपास. ती धारदार असते, तिन्ही रंगांत असते आणि तिथे ओव्हरकोटही नसतो. कडेपासूनचं अंतर मोजा, हेडवर नेमकी तीच जागा पुसा, पुन्हा करडा कागद काढा. नव्या रिबनवर, नव्या रोलवर, दोनदा पुसूनही रेघ मिलिमीटरनंही हलली नाही तर मात्र हेड बदलायची वेळ आली आहे. त्याआधी नाही. मेकॅनिकलाही हे तीन कागद दाखवा, नुसत्या बोलण्यावर खर्च करू नका.

रेघ एकाच रंगाची असेल, समजा फक्त हिरवट, तर हेडचा संबंध नाही. हेड तिन्ही रंगांना एकच आहे. तो त्या पट्ट्यावरचा चुणीचा किंवा ओरखड्याचा प्रकार.

रेघ आडवी असेल, बाणाला काटकोनात, तर कागदाची चाल बघा: पकडणारा रोलर घाणेरडा होऊन कागद घसरतोय. त्याबरोबर बहुतेक वेळा रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि चेहऱ्याच्या कडेला लाल-निळी किनार दिसते, कारण चार फेऱ्यांत कागद प्रत्येक वेळी त्याच जागी परत आला पाहिजे आणि तो येत नाही. मांडवातल्या जनरेटरवर मशीन चालवताना मला अशा आडव्या पट्ट्या आल्या आहेत. हॅलोजनच्या लाइनवरून काढून वेगळ्या लाइनवर घेतल्यावर गेल्या.

ठिपके ठरावीक अंतरावर येत असतील तर

बाणाच्या दिशेनं एका सरळ रेषेत ठिपका, पुन्हा ठिपका, अंतर सारखंच. हा रोलरवर चिकटलेला खडा. रोलर एक फेरा पूर्ण करतो तेव्हा एक ठिपका पडतो, म्हणून अंतर म्हणजे रोलरचा घेर. ते ३.१४ नं भागा, व्यास मिळेल. माझ्याकडे अंतर ५० मिलिमीटर आलं, म्हणजे व्यास जवळपास १६. मशीनमध्ये त्या जाडीचा एकच रोलर होता. टॉर्च मारला तर हळदीचा ओला होऊन सुकलेला एक दाणा त्यावर घट्ट बसलेला. अल्कोहोलचा स्वॅब मिनिटभर दाबून धरला आणि निघाला. नखानं किंवा स्क्रूड्रायव्हरनं काढू नका, रबराला खळगा पडला की तोच कायमचा ठिपका होतो.

सुरकुत्या आणि पावसाळा

पिसासारख्या तिरक्या रेघा, विशेषतः काळ्या कोटाच्या किंवा रात्रीच्या आभाळाच्या फोटोत, ही रिबनची सुरकुती. गडद भागात हेड खूप तापतं, शेजारच्या पांढऱ्या भागात जवळजवळ तापतच नाही; पातळ रिबन एका बाजूला ताणली जाते, दुसऱ्या बाजूला नाही, आणि चुणी पडते. आधी रिबनची दोन्ही टोकं खाचेत नीट बसली आहेत का आणि ती सैल तर नाही ना, हे बघा. फोटोला जाड पांढरी किनार आणि आत गडद काळं असं डिझाइन असेल तर किनार काढून बघा किंवा चित्र उलटं फिरवून छापा. पुष्कळदा तेवढ्यानं जातं. सलग शे-दीडशे फोटो काढून मशीन तापलं असेल तर दहा मिनिटं विश्रांती द्या.

पावसाळ्यात हे वाढतं. अशा मशीनच्या पुस्तिकेत साधारण ५ ते ३५ अंश तापमान आणि ३५ ते ८० टक्के आर्द्रता दिलेली असते, आणि श्रावणात आपण त्या वरच्या टोकाला असतो. रोल त्याच्या चंदेरी पाकिटातच ठेवा, उघडल्यावर उरलेला परत त्यातच, सिलिका जेलची पुडी टाकून. एसीच्या खोलीतला रोल एकदम दमट हॉलमध्ये नेऊन लावला तर त्यावर बाष्प धरतं आणि ढगासारखे डाग येतात. पाकीट बंद ठेवूनच ते दोन-तीन तास हॉलमध्ये राहू द्या, मग उघडा.

रंगांबद्दल थोडंसंच. भंडारा उधळतानाच्या फोटोत चेहऱ्यावर सपाट पिवळा लेप आल्यासारखं दिसतं, त्याचा दोष मशीनला देऊ नका. कॅमेऱ्यात लाल चॅनेल आधीच काठोकाठ भरलेला असतो. फोटो काढतानाच एक्स्पोजर थोडं कमी ठेवा आणि फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. आणि रंगाचं नियंत्रण एकाच ठिकाणी असू द्या, सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर ड्रायव्हरमध्ये. दोन्हीकडे चालू राहिलं तर गोरा माणूस लालबुंद आणि सावळा माणूस तपकिरी निघतो. लग्नाच्या फोटोत माणसाची कांती बदलणं मला सहन होत नाही.

अल्बमसाठी मऊ पीव्हीसीच्या पिशव्या घेऊ नका. त्यातली मऊपणासाठी घातलेली रसायनं हळूहळू फोटोच्या रंगात शिरतात. पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या.

वापरलेली रिबन

वर सांगितलं की पट्ट्यावर फोटोची छाया राहते. ती चांगली ओळखू येण्याइतकी स्पष्ट असते. आमच्याकडे विवाहनोंदणीसाठी पासपोर्ट फोटो, ओळखपत्रांच्या प्रती असं सगळं त्याच रिबनवरून निघतं. ती तशीच कचऱ्यात टाकली तर कोणीही उलगडून चेहरे बघू शकतं. लोकांनी विश्वासानं आपल्यासमोर बसून काढलेले फोटो आहेत. मी संपलेली रिबन कात्रीनं आडवी-उभी कापतो, मगच टाकतो. तपासासाठी ठेवलेले पट्टेसुद्धा, काम झालं की.

सोमवतीचा दिवस

सगळं केल्यावरही एक दिवस उरतो. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हा नदीवर जाते तेव्हा गावाची हवाच पिवळी असते. आतली खोली, बंद दार, काही पुरत नाही. त्या दिवशी मी आदल्या रात्रीच नवा रोल आणि नवी रिबन लावून ठेवतो, म्हणजे दिवसभरात मशीन उघडायची वेळ येत नाही. छपाई आतल्या खोलीत एकटा मुलगा करतो. तो सकाळी आत जातो आणि दुपारच्या जेवणालाच बाहेर येतो. फोटो दाराच्या फटीतून बाहेर देतो, पैसे आणि पाकिटं माझ्याकडे. गिऱ्हाइकाला फोटो देण्याआधी मी चेहऱ्यावरून एकदा भिंग फिरवतो, ठिपका असेल तर न मागता दुसरा काढून देतो.

रोल मध्येच संपला तर दार लावून आधी वीस मिनिटं थांबायचं, मग उघडायचं. रांग कितीही असो. आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मशीनला हात लावत नाही. भंडारा रात्रभर खाली बसू देतो. सकाळी आधी फरशी पुसतो, नंतर फळी, नंतर मशीनची खोळ बाहेरून, आणि मग एक करडा कागद काढतो.